थंडीच्या रात्री आणि पाणी तापवण्याची यंत्रे : दुकानदार, फिटर व कारागीर बांधवांसाठी एक धडा

आमचा धंदा कापडाचा. तेव्हा गिझर आणि सोलर या विषयावर आम्ही लिहावे, याचे काही वाचक बांधवांना नवल वाटेल. परंतु दिवाळी उलटली की आमच्याकडे रजई, घोंगडी आणि स्वेटरला गिऱ्हाईक येते आणि शेजारच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तेच गिऱ्हाईक गिझर मागते. गरज एकच, ती म्हणजे ऊब. ऊब धरून ठेवण्याचे जे नियम रजईला लागू, तेच पाण्याच्या टाकीला आणि नळालाही लागू. शिवाय चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत नळकाम, वायरिंग, वेल्डिंग आणि दुरुस्ती या कामांत आपले अनेक कारागीर आहेत. म्हणून या पानावर हा विषय घेत आहोत.

अलीकडे प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. काश्मीरमध्ये नळ गोठले, अमेरिकेत घराघरांत पाण्याचे पाइप फुटले, अशी चित्रे लोक पाहतात आणि दुकानात येऊन विचारतात, "आपला गिझर थंडीत फुटणार तर नाही ना? त्यात काही औषध टाकावे लागते काय?" अशा वेळी न लागणारी वस्तू गळ्यात मारणे सोपे असते. खरे काय ते सांगायचे, तर आधी ते स्वतःला माहीत हवे.

पाणी गोठते तेव्हा काय होते

बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाण्याची तऱ्हा वेगळी आहे. ४ अंश सेल्सियसपर्यंत ते आकसते, त्याखाली पुन्हा फुगू लागते आणि ० अंशावर बर्फ झाले की सुमारे ९ टक्के जास्त जागा मागते. म्हणजे १० लिटर पाण्याचा बर्फ जवळपास ११ लिटरची जागा घेतो. भांडे उघडे असेल तर बर्फ वर सरकतो. बंद नळात त्याला सरकायला जागा नसते.

येथे एक गोष्ट कारागिरांनी नीट समजून घ्यावी. पाइप नेहमी बर्फाच्या ठिकाणीच फुटतो असे नाही. आधी पाइपात बर्फाचा बोळा तयार होतो. तो वाढू लागला की बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि जेथे जोड किंवा धातू कमजोर असेल तेथे तो फुटतो. चीर पडल्याचे त्या वेळी कळतही नाही, कारण आत बर्फ असतो. ऊन पडून बर्फ वितळला की पाणी उडू लागते. म्हणून थंड मुलखात रात्री तोटी किंचित उघडी ठेवून बारीक धार सोडतात. वाहते पाणी उशिरा गोठते, हा एक फायदा. आणि तोटी उघडी असल्याने दाब चढत नाही, हा दुसरा व मोठा फायदा.

दुसरा नियम असा की बारीक नळ आधी गोठतो, मोठी टाकी फार उशिरा. त्यामुळे संकट टाकीपेक्षा आधी तिच्याकडे जाणाऱ्या थंड पाण्याच्या नळावर, छपरावरच्या उघड्या पाइपवर आणि सोलरच्या पॅनेलमधील बारीक नळ्यांवर येते.

आपल्याकडे गोठते काय?

चंद्रपूर हे नाव देशात उन्हाळ्यासाठी घेतले जाते. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांच्या वर जाणे ही येथे नित्याची बाब आहे. परंतु हिवाळ्यात उत्तरेकडून थंडीची लाट उतरली की पूर्व विदर्भ चांगलाच गारठतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत खाली आला होता. शून्य अंश मात्र आपल्या शहरांत येत नाही. तेव्हा घरातल्या न्हाणीघरात भिंतीवर बसवलेला विजेचा गिझर आपल्याकडे गोठून फुटेल, ही भीती ठेवण्याचे कारण नाही. गिऱ्हाईकाला हे एका वाक्यात सांगावे आणि तेथेच थांबावे.

छपरावरच्या सोलरची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. हवामान खाते जे तापमान सांगते ते जमिनीपासून काही फूट उंचीवर, सावलीत, लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापीचे असते. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री उघड्यावर पडलेली वस्तू आपली उष्णता सरळ आकाशाकडे टाकते आणि सभोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश जास्त थंड होते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी आणि नाशिककडे निफाडच्या शिवारात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो. तेथे हवेचा पारा शून्याच्या वर असतानाही गवतावर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो, त्याचे कारण हेच. हवा ३-४ अंशांवर असेल तर आकाशाकडे तोंड करून पडलेल्या सोलर पॅनेलच्या काचेखालचे पाणी शून्याला टेकू शकते.

त्यातही गाव आणि जंगल यांत फरक आहे. शहरात भिंती, डांबरी रस्ते आणि दाटीची घरे दिवसाची ऊब रात्री परत देतात. जंगलातील मोकळ्या पटांगणात आणि खोलगट भागात थंड, जड हवा रात्री साचून राहते. म्हणून मोहर्लीकडील किंवा कोलारा गेटजवळील लॉज, भामरागड-कोरचीकडील वसतिगृहे व आश्रमशाळा येथे पहाटेची थंडी शहरापेक्षा अधिक झोंबते. अशा ठिकाणी ज्यांनी सोलर बसवला आहे किंवा बसवून देण्याचे काम घेतले आहे, त्यांना पुढचा भाग उपयोगी पडेल.

काश्मीरकडून शिकण्यासारखे

शालीच्या धंद्यातील लोकांना श्रीनगरचा हिवाळा ठाऊक असतो. तेथे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचा पारा उणे ८.४ अंशांवर गेला, दल सरोवर गोठले आणि घरोघरचे नळ बंद पडले. तरीही तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या हिवाळा काढत आले आहेत, कारण त्यांची बांधणीच त्या हिशोबाने असते. तेथील मस्जिदींत आणि अनेक घरांत हमाम असतो. दगडी फरशीच्या खोलीखाली लाकडांचा जाळ, त्या जाळावर भिंतीत बसवलेली तांब्याची टाकी, आणि एकाच जाळावर फरशीही गरम व वुजूचे पाणीही गरम. पाण्याचा साठा घराच्या उबदार भागात असल्यामुळे तो गोठत नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील टेक्सासचे. तो मुलूख आपल्यासारखाच उष्ण. तेथे घरे बांधताना थंडीचा फारसा विचार होत नसे. पाइप बाहेरच्या भिंतींतून आणि माळ्यावरून उघडेच नेलेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्फाचे वादळ आले, लाखो घरांची वीज गेली आणि असंख्य घरांचे पाइप फुटले. नेहमी थंड असणाऱ्या प्रदेशात तेवढ्या थंडीने काही बिघडले नसते. उष्ण मुलखाला थंडीचे दोन-चार दिवसच जास्त महागात पडतात, कारण तयारी नसते.

छपरावरचा सोलर

आपल्याकडे सोलर दोन प्रकारचे दिसतात. पहिला चपट्या पॅनेलचा: काळा पत्रा, त्याला चिकटलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या, वर काच. दुसरा काचेच्या नळ्यांचा: दोन काचांच्या मध्ये निर्वात पोकळी, अगदी चहाच्या थर्मासप्रमाणे.

चपट्या पॅनेलला गोठण्याचा धोका जास्त. नळ्या बारीक, आणि रात्री उष्णता काचेतून वर निघून जाते. कडाक्याच्या लाटेत, जेथे पहाटेचा पारा ५ अंशांच्या खाली जाण्याचा संभव असेल तेथे, दोनपैकी एक उपाय करावा. एक म्हणजे संध्याकाळी पॅनेलवर ताडपत्री किंवा जुनी सतरंजी पसरून दोरीने बांधावी व सकाळी काढावी. आकाशाकडे जाणारी उष्णता अडली की बहुतेक काम होते. खर्च काही नाही. दुसरा म्हणजे पॅनेलच्या तळाशी निचऱ्याची तोटी ठेवून, टाकीकडचे व्हॉल्व्ह बंद करून रात्रीपुरते पॅनेल रिकामे करावे. त्यासाठी बसवतानाच ती तोटी ठेवलेली हवी; नंतर पाइप कापून बसवणे महाग पडते. चपट्या पॅनेलमध्ये टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या टोकापेक्षा सुमारे एक फूट उंच असावा, हेही लक्षात ठेवावे. टाकी खाली बसवली तर रात्री गरम पाणी उलटे फिरून पॅनेलमध्ये उतरते आणि पहाटे थंड मिळते. गिऱ्हाईक म्हणते सोलर खराब आहे, वास्तविक बसवण्यात चूक असते.

काचेच्या नळ्यांचा सोलर थंडीला चांगला टिकतो, कारण निर्वात पोकळीतून उष्णता सहजासहजी बाहेर जात नाही. त्याच्या नळीच्या बुडाशी आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो डाग दुधासारखा पांढरा झाला तर समजावे की पोकळीत हवा शिरली, नळी निकामी झाली. पाच मिनिटांची ही पाहणी प्रत्येक फिटरने हिवाळ्याआधी करून द्यावी. या सोलरमध्ये धोका नळ्यांना कमी आणि थंड पाण्याच्या उघड्या पाइपला व हवेच्या नळीला अधिक. हवेची नळी कधीही बुजवू नये. बर्फाने असो, क्षाराने असो वा कुंभारीण माशीच्या मातीच्या घराने असो, ती नळी बंद झाली आणि खाली कोणी तोटी उघडली, की टाकीत हवा शिरत नाही आणि पातळ पत्र्याची टाकी आत चेपते.

आता औषधाचा प्रश्न. थंड मुलखात सोलरमध्ये न गोठणारे द्रव भरतात हे खरे. पण ते ज्या सोलरमध्ये पॅनेलचे द्रव आणि अंघोळीचे पाणी वेगवेगळ्या बंद मार्गांनी फिरतात त्यातच चालते, आणि तेथेही प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. आपल्याकडील साध्या सोलरमध्ये पॅनेलमधून फिरणारे पाणीच तोटीला येते. त्यात मोटारीचे कूलंट टाकणे म्हणजे घरच्यांना विष पाजण्यासारखे आहे, कारण मोटारीच्या कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते आणि ते पोटात गेले तर जीवघेणे ठरू शकते. कोणी विक्रेता असे सुचवत असेल तर त्याला स्पष्ट नकार द्यावा.

उबेचे शास्त्र, कापडवाल्याच्या भाषेत

रजई गरम नसते. ती शरीराची ऊब अडवते. आणि तीही कापूस अडवत नाही. कापसाच्या तंतूंमध्ये कोंडलेली हवा अडवते. म्हणूनच पिंजलेली रजई उबदार आणि दबून गठ्ठा झालेली रजई थंड. तीच रजई ओली झाली तर हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेच्या सुमारे वीसपट अधिक उष्णता वाहून नेते. लोकर थोडी ओलसर झाली तरी तिचे कुरळे तंतू दबत नाहीत, म्हणून ती बरी. हे ज्ञान आपण रोज गिऱ्हाईकाला विकतो. तेच पाइपला लावावे.

पाइपवर गोणपाट किंवा चिंध्या गुंडाळण्याची पद्धत जुनी आहे. कोरडे असेपर्यंत ते काम करते. दवाने भिजले की उलट पाइपला थंड करते. म्हणून बारदान गुंडाळायचे तर त्यावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधावा. कायमच्या कामासाठी काळ्या फोमच्या नळ्या मिळतात, त्या बंद पेशींच्या असल्याने पाणी शोषत नाहीत. साध्या पाइपला ९ किंवा १३ मिलिमीटर जाडीची नळी पुरते. परंतु आपल्या उन्हात उघडा फोम दोन-चार उन्हाळ्यांत भुरभुरीत होतो आणि वानरे तर तो खेळ म्हणून ओरबाडतात. त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी, पत्र्याचे आवरण किंवा मोठ्या व्यासाचा पीव्हीसी पाइप चढवावा. कोपरे, जोड आणि व्हॉल्व्ह उघडे सोडू नयेत. रजईला एक भोक असले तरी ऊब तेथूनच जाते.

आपल्याकडे पाइप झाकण्याचा खरा फायदा गोठण्यापासून बचाव हा नाही, बचत हा आहे. अर्ध्या इंची पाइपात दर मीटरला सुमारे पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावते, पाऊण इंचीत तीनशेच्या थोडे वर. छपरापासून खोलीपर्यंत २० मीटर पाऊण इंची पाइप असेल, तर गरम पाणी येण्याआधी सहा लिटरहून अधिक थंड पाणी गटारात जाते. दहा खोल्यांच्या लॉजमध्ये एका सकाळी हे साठ लिटरच्या पुढे गेले. म्हणून पाइप जवळून न्यावा, गरजेपेक्षा जाड घेऊ नये आणि झाकावा.

काय झाकू नये, तेही सांगतो. विजेच्या गिझरच्या वायरच्या झाकणावर, दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर आणि गॅस गिझरच्या कोणत्याही भागावर कापड, फोम काहीही गुंडाळू नये.

रिकामे करणे आणि पुन्हा भरणे

ज्या घरांतील मंडळी हिवाळ्यात हिमाचल, काश्मीर किंवा लडाखकडे नोकरी-व्यापारासाठी असतात, त्यांनी घर बंद करून निघताना गिझर रिकामा करणे हा एकच खात्रीचा उपाय आहे. आपल्याकडेही महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या लॉजमध्ये व विश्रामगृहांत हे करावे. क्रम असा :

१. गिझरचे बटण नव्हे, भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करावा. पाणी थंड होऊ द्यावे.
२. थंड पाणी आत येण्याचा कॉक बंद करावा.
३. गरम पाण्याची तोटी उघडी ठेवावी, म्हणजे वरून हवा आत शिरेल. हवा शिरली नाही तर पाणी बाहेर पडत नाही.
४. खालचा निचऱ्याचा बोल्ट किंवा थंड पाण्याचा जोड सोडवून टाकी रिकामी करावी.
५. पाइपांतील पाणीही काढावे व तोट्या उघड्याच ठेवाव्यात.

पुन्हा चालू करताना क्रम उलटा, पण एक गोष्ट पक्की: गरम पाण्याच्या तोटीतून अखंड धार आल्याशिवाय विजेचा स्विच दाबू नये. कोरडा गिझर चालू केला तर एलिमेंट जळून जाते. काचेच्या नळ्यांच्या सोलरला असाच एक उलटा नियम आहे, आणि चंद्रपूरच्या उन्हात तो फार महत्त्वाचा: रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत दुपारी थंड पाणी सोडू नये. काच तडकते. टाकी सकाळी उन्हाआधी किंवा रात्री भरावी.

गोठलेच तर

थंड मुलखात गेलेल्या बांधवांसाठी थोडक्यात: आधी तोटी उघडावी. मग तोटीच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे जात गरम पाण्यात पिळलेले कापड पाइपवर ठेवावे. मधूनच वितळवायला सुरुवात केली तर सुटलेले पाणी व वाफ अडकते. बत्ती, मशाल किंवा गॅसची ज्योत लावू नये. प्लॅस्टिकचा पाइप वितळतो, धातूचा फुटू शकतो आणि घराला आग लागते ती वेगळीच. पाणी मोकळे झाल्यावर अर्धा तास सर्व जोड पाहावेत, कारण चीर तेव्हाच दिसते.

आपला खरा शत्रू : क्षार

आता मूळ गोष्टीकडे येऊ. चंद्रपूर-गडचिरोलीत गिझर बर्फाने मरत नाही, क्षाराने मरतो. राजुरा, कोरपना, गडचांदूर, घुग्घुस या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत, कारण जमिनीत चुनखडीचा दगड आहे. तोच चुना बोअरवेलच्या पाण्यात विरघळून घरी येतो. पाणी तापले की विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन एलिमेंटवर आणि टाकीच्या तळाशी बसतो. ६० अंशांच्या वर हे काम अधिक वेगाने होते. थर जाड झाला की एलिमेंटची उष्णता पाण्यात जात नाही, ते आतल्या आत तापते आणि एक दिवस जळते.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत: पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, टाकीतून तडतड आवाज येतो, तोटीतून पांढरे कण पडतात. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.८ युनिट वीज लागते, म्हणजे २ किलोवॅटच्या गिझरला साधारण २५ मिनिटे. २५ लिटरच्या गिझरला सुमारे ४० मिनिटे व १.३ युनिट. फिटरने घड्याळ लावून पाहावे. यापेक्षा फारच अधिक वेळ लागत असेल तर आत दगड साचला आहे किंवा थर्मोस्टॅट बिघडला आहे.

उपाय असे. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवावा. वर्षातून एकदा, क्षार फार असेल तर दोनदा, एलिमेंट बाहेर काढून लिंबूसत म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात भिजवावे. थर मऊ होऊन निघतो. काही कारागीर घाईने संडास धुण्याचे तेजाब वापरतात. ते तांबेही खाते, टाकीचा मुलामाही खाते, आणि त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसात जातो. काचेच्या मुलाम्याच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती टाकीच्या लोखंडाऐवजी स्वतः झिजते. एलिमेंट काढले की ती पाहावी. अर्ध्याहून अधिक झिजली असेल तर बदलावी. ही कांडी कशासाठी असते हे बहुतेक गिऱ्हाइकांना माहीत नसते आणि ती न बदलल्यामुळे चांगली टाकी गंजून गळते.

जिवाची खबरदारी

गिझरच्या दाबाच्या व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब गळतात. १५ अंशांचे पाणी ६० अंशांवर गेले की दीड टक्क्याहून थोडे अधिक फुगते. १५ लिटरला पाव लिटरच्या आसपास. ते पाणी बाहेर पडायलाच हवे. गिऱ्हाईक म्हणते 'गळते, बंद करा', आणि कोणी कारागीर तेथे बूच ठोकतो. असे बूच म्हणजे स्नानघरात बॉम्ब ठेवणे होय. थर्मोस्टॅट अडकला तर दाब सुटायला वाट राहत नाही. गळती सतत, गार गिझरलाही होत असेल तर व्हॉल्व्ह बदलावा, बुजवू नये.

२ किलोवॅटचा गिझर ८ ते ९ अँपिअर वीज घेतो. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट, योग्य जाडीची वायर आणि खरी अर्थिंग हवी. सोबत ३० मिलिअँपिअरचा गळती तोडणारा स्विच बसवावा. पाण्याच्या बादलीत टाकायचा रॉड चालू असताना बादलीत हात घालू नये, आणि लोखंडी बादली तर वापरूच नये.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होतो आणि दाराबाहेरच्यांना पत्ता लागत नाही. थंडीत लोक खिडकीही बंद करतात, म्हणून या घटना हिवाळ्यात अधिक. यंत्र बाहेरच्या मोकळ्या हवेत, आत फक्त पाण्याचा पाइप, हा नियम पाळणार नसेल तर ते काम घेऊ नये, मग गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल. थंडीत सिलिंडरचा दाब उतरतो, म्हणून काही जण सिलिंडर गरम पाण्यात ठेवतात. तेही टाळावे.

आणि एक गोष्ट आपल्या जंगल भागापुरती. अंघोळीच्या पाण्यासाठी आजही खेड्यांत चूल आणि बंब पेटतो आणि सरपणासाठी माणसे जंगलात जातात. ताडोबाच्या परिसरात सरपण, मोहफूल, तेंदूपाने गोळा करताना वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावल्याचे आपण वारंवार वाचतो. जो सोलर नीट चालतो, तो एखाद्या घराच्या जंगलातील फेऱ्या कमी करतो. जो बिघडून छपरावर पडून राहतो, तो त्या घराला पुन्हा जंगलात पाठवतो. दुरुस्तीच्या कामाची किंमत यातून समजावी.

धंद्याच्या दृष्टीने

या सर्वांतून दुकानदाराने आणि कारागिराने काय घ्यावे? गिझर विकणे हा एकदाचा व्यवहार आहे. त्याची निगा हा दरवर्षीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, थंडी पडण्याआधी, आपल्या जुन्या गिऱ्हाइकांची यादी काढावी आणि ठरलेल्या दराने तपासणी करून द्यावी: क्षार काढणे, मॅग्नेशियमची कांडी, दाबाचा व्हॉल्व्ह, अर्थिंग, सोलरच्या नळ्या, हवेची नळी आणि पाइपांचे आवरण. जानेवारीत गिझर बंद पडला की सर्वांना एकाच दिवशी कारागीर हवा असतो. आधी केलेले काम शांतपणे होते आणि मजुरीही रास्त मिळते.

दुकानात कांड्या, एलिमेंट, व्हॉल्व्ह, वायसर, फोमच्या नळ्या आणि लिंबूसत ठेवावे. गिझर विकताना भारतीय मानक २०८२ चा शिक्का आणि वीजबचतीचे तारे दाखवावेत, आणि पाणी बोअरचे की नळयोजनेचे हे आधी विचारावे. बोअरचे असेल तर जड पाण्यासाठी बनवलेली टाकी व एलिमेंट सुचवावे, मग ते थोडे महाग का असेना. बिलावर बसवल्याची तारीख आणि पुढील तपासणीचा महिना लिहून द्यावा.

शिकाऊ मुलांना कामावर घेताना फक्त पाना फिरवायला शिकवू नये. पाणी का फुगते, चुना का बसतो, थेंब का गळतात, हे समजलेला मुलगा उद्या दुसऱ्या गावीही आपले पोट भरेल. नुसता हात चालवणारा मुलगा एक दिवस दाबाच्या व्हॉल्व्हला बूच ठोकेल.

गिऱ्हाईक विचारेल, "आपला गिझर गोठेल काय?" उत्तर असे द्यावे : घरातला गोठत नाही. छपरावरचा चपटा सोलर असेल तर लाटेच्या रात्री ताडपत्री टाका. औषध काही लागत नाही. क्षार मात्र दरवर्षी काढून घ्या.